महसूल न्यायाधिकरणाचा निकाल : अंतिम, पण न्यायालयाच्या कक्षेबाहेरचा नव्हे

प्रतिनिधी
इगतपुरी

तहसील कचेरीतील एकच अधिकारी सकाळी दुष्काळाच्या पंचनाम्यावर सही करतो आणि दुपारी 'तहसीलदार तथा शेतजमीन न्यायाधिकरण' या नात्याने जमिनीचा मालक कोण, याचा निवाडा देतो. पक्षकाराला दोन्ही कागद सारखेच दिसतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांत मोठे अंतर आहे. पहिला प्रशासकीय कामाचा भाग आहे. दुसरा न्यायनिर्णय आहे. तो चुकला तर तो दुरुस्त कसा करायचा, कोणाकडे जायचे, किती दिवसांत जायचे आणि वरचे न्यायालय त्यात कितपत लक्ष घालते, याची नेमकी माहिती नसल्यामुळे अनेक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनी गमावल्या आहेत. उलट बाजूला, कायदेशीर मालकी असूनही केवळ उशीर केल्यामुळे हात चोळत बसलेले जमीनमालकही आहेत.

इगतपुरी तालुक्यात या प्रश्नाला विशेष धार आहे. भाताचे आगर असलेला हा डोंगराळ तालुका दारणा, वैतरणा, मुकणे, भावली अशा धरणांचा आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि मध्य रेल्वेचा लोहमार्ग येथून जातो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पाही ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. मुंबई जवळ आली तशी जमिनीची किंमत वाढली आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वी निकाली निघालेल्या कूळकायद्याच्या संचिका पुन्हा बाहेर येऊ लागल्या. जमीन घेऊ इच्छिणाऱ्या शहरी ग्राहकाला सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यातील एखादी जुनी नोंद किरकोळ वाटते; प्रत्यक्षात तिच्या मुळाशी न्यायाधिकरणाचा एखादा निकाल असू शकतो.

न्यायाधिकरण म्हणजे नेमके कोण?

महाराष्ट्रात शेतजमिनीचे वाद प्रामुख्याने तीन कायद्यांखाली न्यायाधिकरणांकडे जातात.

पहिला कूळकायदा. नाशिक जिल्ह्याला १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम लागू आहे. आता त्याच्या नावात 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आले आहे. विदर्भासाठी १९५८ चा आणि मराठवाड्यासाठी १९५० चा हैदराबादचा असे स्वतंत्र कायदे आहेत. १९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारे कूळ, काही अपवाद वगळता, कायद्यानेच जमिनीचे खरेदीदार मानले गेले. या जमिनीची किंमत कलम ३२-ग खाली ठरवण्याचे काम शेतजमीन न्यायाधिकरणाचे. किंमत भरल्यावर कलम ३२-म खाली प्रमाणपत्र मिळते. एखादी व्यक्ती कूळ आहे की नाही, हा मूळ प्रश्न कलम ७०-ब खाली मामलेदार, म्हणजे आजचे तहसीलदार, ठरवतात.

दुसरा १९६१ चा शेतजमीन कमाल धारणा कायदा. त्याखाली कोणाकडे किती जमीन जादा आहे, हे अतिरिक्त जमीन निर्धारण न्यायाधिकरण ठरवते.

तिसरा आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासी खातेदाराकडून बिगरआदिवासीकडे गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी तो करण्यात आला. त्यानंतरच्या व्यवहारांना महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६ आणि ३६-अ लागू होते. जिल्हाधिकाऱ्यांची आणि बहुतेक प्रकारांत राज्य शासनाची पूर्वमान्यता घेतल्याशिवाय अशी जमीन बिगरआदिवासीला हस्तांतरित करता येत नाही.

या तिन्ही वाटा वरच्या टप्प्यावर महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे जाऊन मिळतात. सातबाऱ्यावरील फेरफार नोंदीचे साधे वाद मात्र या न्यायाधिकरणाकडे जात नाहीत. ते उपविभागीय अधिकारी, अपर जिल्हाधिकारी आणि अपर आयुक्त या महसुली साखळीतून वर जातात. हा फरक न कळल्याने चुकीच्या दारात वर्षे घालवणारे पक्षकार कमी नाहीत. फेरफार नोंद महसूल वसुलीसाठी असते, तिने मालकी मिळत नाही अथवा जात नाही, हे तत्त्व न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. तेव्हा नोंदीविरुद्ध भांडत राहून न्यायाधिकरणाचा मूळ निकाल तसाच सोडून देणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक ठरते.

इगतपुरी ते मुंबई : अपिलाच्या पायऱ्या

कूळकायद्याचे प्रकरण इगतपुरीच्या तहसीलदारांपुढे सुरू होते. त्यांच्या आदेशाविरुद्ध कलम ७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते; व्यवहारात हे अधिकार उपविभागीय अधिकारी वापरतात. या टप्प्यावर पुरावा, साक्षी आणि वस्तुस्थिती यांचा पूर्ण फेरविचार होऊ शकतो. त्यानंतर कलम ७६ खाली महसूल न्यायाधिकरणाकडे पुनरीक्षण अर्ज करता येतो. दोन्ही टप्प्यांना साठ दिवसांची मुदत आहे. नक्कल मिळण्यात गेलेला काळ त्यातून वजा होतो आणि उशिराचे सबळ कारण दाखवल्यास तो माफ होऊ शकतो.

पुनरीक्षण म्हणजे दुसरे अपील नव्हे. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश कायद्याच्या विरुद्ध असेल, कायद्याचा एखादा महत्त्वाचा मुद्दा ठरवायचा राहिला असेल अथवा कार्यपद्धतीतील गंभीर दोषामुळे न्याय बिघडला असेल, या तीनच कारणांवर महसूल न्यायाधिकरण हस्तक्षेप करू शकते. पुरावा नव्याने तोलून जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा वेगळा निष्कर्ष काढण्याचा अधिकार त्याला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये महाराष्ट्रातीलच एका कूळ प्रकरणात स्पष्ट केले. जमीन परत करण्याच्या कायद्याखाली मात्र जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध महसूल न्यायाधिकरणाकडे थेट अपील आहे; तेथे त्याचे अधिकार अधिक व्यापक आहेत. कमाल धारणेच्या प्रकरणातही निर्धारण न्यायाधिकरणाविरुद्धचे अपील येथेच चालते.

दिवाणी न्यायालयाचे दार का बंद?

जमिनीचा वाद म्हटला की सर्वसामान्य माणसाला दिवाणी न्यायालय आठवते. तथापि कूळकायद्याच्या कलम ८५ ने या कायद्याखाली ठरवायच्या प्रश्नांना दिवाणी न्यायालयाचे दार बंद केले आहे. ताब्याचा दावा दिवाणी न्यायालयात सुरू असताना प्रतिवादीने 'मी कूळ आहे' असे म्हटले, तर न्यायाधीशांना तो मुद्दा कलम ८५-अ खाली तहसीलदारांकडे पाठवावा लागतो आणि उत्तर येईपर्यंत दावा थांबतो. हा नियम सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच पक्का केला. कुळाला खर्चिक आणि दीर्घ दिवाणी दाव्यात ओढले जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात मात्र एकच वाद दोन कार्यालयांत अडकून पडल्याची उदाहरणे सर्वत्र आढळतात.

संविधानाने ठेवलेला दरवाजा

विधिमंडळाने 'निकाल अंतिम राहील' असे कायद्यात लिहिले, तरी उच्च न्यायालयाचा अधिकार संपत नाही. तो संविधानाने दिलेला आहे. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय प्राधिलेख काढू शकते. न्यायाधिकरणाचा निर्णय रद्द करण्यासाठी त्यातील 'उत्प्रेषण' हा प्राधिलेख महत्त्वाचा. अनुच्छेद २२७ खाली आपल्या क्षेत्रातील सर्व न्यायालये व न्यायाधिकरणे यांवर उच्च न्यायालयाची देखरेख असते. ही देखरेख केवळ प्रशासकीय नसून न्यायिकही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच म्हटले होते.

हा दरवाजा एकदा बंद करण्याचा प्रयत्न झाला. आणीबाणीच्या काळात १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २२७ मधून न्यायाधिकरणे वगळली गेली. त्याच दुरुस्तीने अनुच्छेद ३२३-ब आला. जमीन सुधारणांसह अनेक विषयांसाठी न्यायाधिकरणे स्थापून उच्च न्यायालयांचे अधिकार वगळण्याची मुभा त्याने विधिमंडळांना दिली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद २२७ पूर्ववत केला. उरलेला प्रश्न १९९७ मध्ये एल. चंद्रकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने निकालात काढला. अनुच्छेद २२६ आणि २२७ खालील न्यायिक पुनर्विलोकन हा संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे आणि घटनादुरुस्तीनेही तो काढता येत नाही, असे पीठाने सांगितले. अनुच्छेद ३२३-ब मधील उच्च न्यायालयांना वगळणारा भाग त्यामुळे रद्द झाला.

कूळकायदा संविधानाच्या नवव्या अनुसूचीत आहे, मग त्याखालील निकालाला आव्हान कसे, असा प्रश्न कधी कधी विचारला जातो. नवव्या अनुसूचीचे संरक्षण कायद्याला आहे. त्या कायद्याखाली एखाद्या अधिकाऱ्याने दिलेल्या चुकीच्या आदेशाला ते नाही.

नाशिक जिल्ह्याच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या मुंबई येथील मुख्य पीठापुढे चालतात. शेजारचे धुळे, जळगाव आणि अहिल्यानगर हे जिल्हे छत्रपती संभाजीनगर खंडपीठाच्या कक्षेत आहेत, नाशिक नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सुरू झालेल्या सर्किट बेंचमध्येही नाशिकचा समावेश नाही. इगतपुरीच्या पक्षकाराला त्यामुळे कसारा घाट उतरून मुंबईच गाठावी लागते.

न्यायालय काय तपासते?

याचिकाकर्त्यांच्या अपेक्षा आणि न्यायालयाची चौकट यांत येथेच सर्वाधिक तफावत पडते. उच्च न्यायालय जमीन कोणाची, हे पुन्हा पहिल्यापासून ठरवत नाही. न्यायाधिकरणाने निकाल कसा दिला, हे ते पाहते. या विषयातील पायाभूत निवाडा मोटार परवान्याच्या वादातून आलेल्या सय्यद याकूब खटल्यातील, १९६३ चा आहे. अभिलेखावर उघड दिसणारी कायद्याची चूक दुरुस्त करता येते. वस्तुस्थितीविषयीचा निष्कर्ष, तो चुकीचा वाटला तरी, एरवी बदलता येत नाही, असे त्यात सांगितले आहे. पुराव्याशिवाय काढलेला निष्कर्ष, ग्राह्य व महत्त्वाचा पुरावा नाकारून काढलेला निष्कर्ष आणि अग्राह्य पुराव्यावर बेतलेला निष्कर्ष यांना मात्र कायद्याचीच चूक मानले जाते.

व्यवहारात पुढील कारणांवर न्यायाधिकरणांचे निकाल टिकत नाहीत. अधिकार नसताना निर्णय देणे. नोटीस न बजावता अथवा म्हणणे मांडू न देता आदेश करणे. कारणे न देता निकाल लिहिणे. वर्षानुवर्षांच्या पीक पाहणीच्या नोंदी, खंडाच्या पावत्या अथवा पूर्वीचा निवाडा यांचा उल्लेखही न करणे. पुनरीक्षणाच्या मर्यादा ओलांडून महसूल न्यायाधिकरणाने पुरावा नव्याने तोलणे. उलट, 'साक्षीदारावर विश्वास ठेवायला नको होता' अथवा 'दुसरे मतही शक्य होते' एवढ्याच मुद्द्यावर केलेली याचिका बहुधा दाखल होतानाच फेटाळली जाते.

याचिका अनुच्छेद २२६ खाली आहे की २२७ खाली, हाही केवळ शब्दांचा खेळ नाही. एकल न्यायमूर्तींनी २२६ खाली दिलेल्या निकालाविरुद्ध खंडपीठाकडे अपील होऊ शकते. २२७ खालील निकालाविरुद्ध होत नाही, हे १९८६ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. तेथून पुढे अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालयाची विशेष अनुमती मागणे एवढाच मार्ग उरतो.

चार निवाडे, चार धडे

पहिला धडा कार्यपद्धतीचा. कुळाने जमिनीचा हक्क 'राजीखुशीने सोडला' असे सांगणारे कागद पन्नासच्या दशकात मोठ्या प्रमाणावर तयार झाले. असा राजीनामा लेखी हवा, मामलेदाराने कुळाला परिणाम समजले आहेत आणि त्याच्यावर दबाव नाही याची खातरजमा केलेली हवी, तशी नोंद त्यावर हवी. ही पद्धत पाळली नसेल तर राजीनामा कुळावर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये महाराष्ट्रातील प्रकरणात म्हटले. कायद्याने एखादी गोष्ट विशिष्ट रीतीने करायला सांगितली असेल, तर ती त्याच रीतीने केली पाहिजे, हे त्यामागील सूत्र.

दुसरा धडा मुदतीचा. जमीनमालक विधवा असेल तर कुळाचा खरेदीचा हक्क कलम ३२-फ ने पुढे ढकलला जातो. तिचा हक्क संपल्यावर ठरावीक मुदतीत कुळाने नोटीस द्यायची असते. मालकीण परगावी वारली, कुळाला ते कळलेच नाही आणि मुदत निघून गेली, अशा असंख्य प्रकरणांत कुळांचे हक्क बुडाले. १९९९ च्या एका निकालाने त्यावर शिक्कामोर्तबही झाले होते. १८ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही भूमिका बदलली. मालकिणीचा हक्क संपल्याची माहिती तिच्या वारसांनी कुळाला दिली पाहिजे. ती न देता मुदत संपल्याचा फायदा त्यांना घेता येणार नाही, असे पीठाने ठरवले.

तिसरा धडा वाजवी कालावधीचा, आणि तो जमीन घेणाऱ्यांच्या बाजूने जातो. अधिकाऱ्याला आपणहून एखादा जुना आदेश तपासण्याचा अधिकार असला आणि कायद्यात मुदत दिलेली नसली, तरी तो कधीही वापरता येत नाही. वर्षाहून अधिक काळानंतर आयुक्तांनी बिगरशेतीचा आदेश रद्द केल्याचे गुजरातमधील प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये अवैध ठरवले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखालील सतरा वर्षे उशिराच्या पुनरीक्षणाबाबत २००९ मध्ये, तीन वर्षांपलीकडचा काळ सामान्यतः वाजवी म्हणता येणार नाही, असे मत न्यायालयाने दिले.

चौथा धडा या तालुक्याच्या अधिक जवळचा आहे. जमीन परत करण्याचा १९७४ चा कायदा बिगरआदिवासी खरेदीदारांच्या मूलभूत हक्कांवर घाला आहे, असे आव्हान लिंगप्पा पोचन्ना खटल्यात देण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८४ मध्ये ते फेटाळले. कागदावर दोन पक्ष समान दिसले तरी सौदा करण्याची त्यांची ताकद समान नसते. म्हणून दुर्बळाला गेलेली जमीन परत देणे हा वितरणात्मक न्यायच आहे, अशी त्या निकालाची दिशा आहे.

आदिवासी जमीन आणि इगतपुरी

महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी समाजाची मोठी वस्ती असलेल्या या तालुक्यातील अनेक गावे डिसेंबर १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आली आहेत. येथील आदिवासी खातेदाराच्या प्रकरणात दोन गोष्टी वेगळ्या ठरतात. एक, हस्तांतरण मान्यतेशिवाय झाले असेल तर खरेदीदाराचा प्रामाणिकपणा अथवा त्याने दिलेली पूर्ण किंमत त्याला वाचवू शकत नाही. दोन, जमीन परत करण्याच्या कायद्याखालील आदेश विभागीय आयुक्त तीन वर्षांच्या आत आपणहून तपासू शकतात. अपील न केलेल्या निरक्षर खातेदारासाठी ही तरतूद आधार आहे. प्रतिस्पर्ध्याच्या पैशापुढे आदिवासी पक्षकार निष्प्रभ होऊ नये, म्हणून या कायद्याखालील कामकाजात वकिलांच्या उपस्थितीवरही निर्बंध घातले गेले आणि तेही १९८४ च्या निकालात टिकले.

उच्च न्यायालयात मात्र वकिलाशिवाय निभाव लागणे कठीण. अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. तालुका विधी सेवा समितीपासून उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीपर्यंत ही व्यवस्था आहे. तिचा वापर व्हायला हवा तितका होत नाही.

निकालापर्यंतचा काळ

न्यायालयाने आदेश रद्द केला म्हणजे जमीन लगेच हाती येते, असे नाही. बहुतेक वेळा प्रकरण फेरचौकशीसाठी खाली पाठवले जाते आणि पुन्हा तहसीलदारांपासून प्रवास सुरू होतो. एका पिढीने सुरू केलेले प्रकरण तिसरी पिढी चालवते ते यामुळे. मधल्या काळात जमीन विकली गेली, तिची बिगरशेती झाली, त्यावर बंगले उभे राहिले, तर जिंकलेल्या निकालाची किंमत कमी होते. म्हणून अपील अथवा याचिका दाखल करतानाच स्थगिती अथवा 'जैसे थे' आदेश मागणे महत्त्वाचे. अपील प्रलंबित आहे, एवढ्याने खालचा आदेश आपोआप थांबत नाही.

खरेदीदारानेही तेवढीच काळजी घ्यावी. सातबाऱ्यावर कूळकायदा कलम ४३ चा शेरा असेल, तर ती जमीन कुळाला मिळालेली आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षे झाली असल्यास आकारणीच्या चाळीस पट रक्कम शासनाकडे भरून, कायद्यातील अन्य अटींच्या अधीन राहून, ती विकता येते. त्याआधी झालेल्या विनापरवाना व्यवहाराची गोष्ट निराळी. खरेदीदार शेतकरी नसेल तर कलम ६३ आडवे येते आणि कलम ८४-क खाली व्यवहारच अवैध ठरण्याची शक्यता राहते.

पक्षकाराने काय सांभाळावे?

आदेशाची प्रमाणित नक्कल तातडीने मागावी आणि नक्कल अर्जाची व ती मिळाल्याची तारीख जपून ठेवावी. रोजनाम्याची नक्कलही घ्यावी. नोटीस बजावली होती का, सुनावणी खरोखर झाली का, हे त्यावरूनच सिद्ध होते. पुरावा तहसीलदारांपुढेच द्यावा; मुंबईत पोहोचल्यावर नवा पुरावा देण्याची संधी जवळपास नसते. खंडाच्या पावत्या, जुने सातबारे, फेरफार आणि ३२-ग च्या निवाड्याची प्रत एकत्र ठेवावी. उच्च न्यायालयात याचिकेला कायद्याने ठरलेली मुदत नसली, तरी विनाकारण विलंब हे एकटे कारण याचिका फेटाळायला पुरते.

जमिनीच्या न्यायाधिकरणांची व्यवस्था गरीब कुळाला जवळ, स्वस्त आणि लवकर न्याय मिळावा म्हणून उभी राहिली. उच्च न्यायालयाची देखरेख त्या व्यवस्थेने कायद्याची वेस ओलांडू नये म्हणून आहे. मात्र वरचे न्यायालय कागदावर जे आहे तेच तपासते. तहसील कचेरीत पहिल्या तारखेला जो पुरावा नोंदला गेला नाही, तो मुंबईत कोणालाही दिसत नाही. निकालाची खरी लढाई म्हणूनच इगतपुरीतच लढावी लागते.

महत्त्वाचे टप्पे

१९४८ : मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम
१ एप्रिल १९५७ : कृषक दिन
१९६१ : शेतजमीन कमाल धारणा कायदा
१९७४ : आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा
१९७६ : बेचाळिसावी घटनादुरुस्ती, न्यायाधिकरणे उच्च न्यायालयांच्या देखरेखीतून वगळली
१९७८ : चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती, देखरेख पूर्ववत
१९९७ : न्यायिक पुनर्विलोकन मूलभूत चौकटीचा भाग असल्याचा निर्वाळा
२०१४ : कलम ४३ मध्ये दुरुस्ती, कुळाच्या जमिनीच्या विक्रीची अट शिथिल
२०१९ : विधवा जमीनमालकाच्या प्रकरणात कुळाला माहिती देण्याची जबाबदारी वारसांवर